आधी निदान, मग पाना

पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले की नवी मुंबईत जिन्याखाली आणि बाल्कनीत पडून राहिलेल्या सायकली बाहेर निघतात. वाशीहून बेलापूरकडे खाडीच्या कडेने जाणाऱ्या पामबीच मार्गावर पहाटे उभं राहिलं, तर त्यांचे आवाज वेगवेगळे ओळखू येतात. कुणाची चेन कर्रकर्र करते, कुणाच्या पेडलखालून टकटक येते, कुणी गिअर टाकतो आणि चेन दोन चकत्यांच्या मध्येच घुटमळत राहते. यात नवल काही नाही. खाडीवरची खारी दमट हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि उरलेले महिने बांधकामांची बारीक धूळ, हे सगळं उघड्या चेनला एकाच वर्षात सोसावं लागतं.

अशी सायकल समोर आली की दोन मतं ऐकू येतात. पहिलं म्हणतं, सुटे भाग झिजायचेच. वेळच्या वेळी बदला आणि चालवायला लागा. दुसरं म्हणतं, आधी बघा, ऐका, नीट जुळवा. निम्मे बिघाड तेवढ्यानेच जातात. ही दोन मतं मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झालेले. भाची नेरुळहून ऐरोलीला ऑफिसला सायकलने जाणारी. तिची सायकल गिअरची, पुढे दोन चेनरिंग आणि मागे नऊ चकत्यांची कॅसेट.

भाची: मामा, उद्या सायकल दुकानात टाकतेय. चेन, कॅसेट, गिअरची केबल, सगळं नवीन घालून घेते. गणपतीपासून कर्रकर्र चाललंय, आता कंटाळा आला.

मामा: बिघाड कशात आहे ते कळलं का?

भाची: आवाज येतो आणि गिअर धड पडत नाही. आणखी काय कळायला हवं?

मामा: ताप आणि खोकला आहे एवढं सांगून सगळी औषधं घेऊन येतेस का? आवाज नेमका कधी येतो ते सांग. पेडल मारायचं थांबवलंस तरी येतो?

भाची: नाही. तेव्हा फक्त फ्रीव्हीलची टिकटिक.

मामा: ती यायचीच. म्हणजे चाकं आणि ब्रेक सुटले. सीटवरून उठून पेडल मारलंस तर आवाज जातो?

भाची: नाही, तसाच राहतो.

मामा: मग सीट आणि तिचा दांडाही सुटला. किती जण त्या करकरीसाठी बीबी, म्हणजे क्रँकच्या मधलं बेअरिंग, बदलतात आणि करकर सीटच्या बोल्टमध्ये असते. आता पेडलच्या फेऱ्यांशी आवाजाचा काही मेळ लागतो का बघ. प्रत्येक फेरीला एकदा, ठरल्या जागी टक् होत असेल तर पेडल, क्रँक, बीबी नाहीतर चेनरिंगचे बोल्ट. क्रँक हातात धरून आडवा हलवायचा. ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग. दर तिसऱ्या फेरीला होत असेल तर वेगळं.

भाची: तिसऱ्याच का?

मामा: तुझी चेन १०८ कड्यांची, पुढची मोठी चेनरिंग ३६ दातांची. एका फेरीत ३६ कड्या सरकतात, म्हणजे आख्खी चेन फिरायला तीन फेऱ्या. एखादी कडी आखडली असेल तर ती दर तीन फेऱ्यांनी हजेरी लावणार. पेडल हाताने सावकाश उलटं फिरव आणि डिरेलरच्या, म्हणजे चेन चकत्यांवरून सरकवणाऱ्या मागच्या भागाच्या, खालच्या पुलीकडे बघ. आखडलेली कडी तिथे उडी मारते.

भाची: मामा, एका आवाजासाठी एवढी चौकशी करायची? माझा रविवार यात जाणार. चेन काही फार महाग नसते. ती बदलली की प्रश्न मिटला, आणि नाही मिटला तर निदान नवीन चेन तरी मिळाली.

मामा: नाही मिटला तर मग कॅसेट बदलशील, मग डिरेलर. कारण आहे तिथेच राहील आणि त्याच्याभोवतीचं सगळं नवीन होईल. कारखान्यात आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं: कारण न शोधता भाग बदललास, तर नवा भागही त्याच कारणाने जाणार.

भाची: कारखान्यात यंत्र बंद पडलं की उत्पादन थांबतं, म्हणून तिथे कारण शोधायला माणूस ठेवतात. माझ्याकडे तो वेळ नाही. शिवाय तुमच्या काळची सायकल वेगळी होती. एकच फ्री, वर चेनकव्हर. हिच्यात नऊ चकत्या आहेत. अंदाजपंचे काम चालत नाही.

मामा: सायकल वेगळी होती, मान्य. वाशीपर्यंत लोकल आली १९९२ मध्ये, त्याआधी आमच्यातले कितीतरी जण शिफ्टला सायकलनेच जायचे. चेन सैल झाली की मागचं चाक ओढून घट्ट करायचं, की झालं. पण अंदाजपंचे करा असं मी म्हणतच नाही. उलट तूच न मोजता बदलायला निघालीस. बरं, गिअरचं सांग. कुठल्या बाजूला जाताना त्रास देतो?

भाची: मोठ्या चकतीकडे लगेच चढतो. लहान चकतीकडे उतरायला वेळ लावतो. क्लिक होतं, मी दोन-तीन पेडलं मारते, मग खाडकन उतरतो.

मामा: हे तू आधीच सांगितलं असतंस तर! मोठ्या चकतीकडे जाताना डिरेलरला केबल ओढते, तुझ्या अंगठ्याच्या जोराने. लहान चकतीकडे जाताना ओढणारं कुणी नसतं. केबल सैल सुटते आणि डिरेलर आतल्या स्प्रिंगने परत जातो. अंगठ्याचा जोर गंजावर मात करतो, स्प्रिंगचा करत नाही. तुझी केबल आवरणात अडकतेय. केबल नुसती सैल पडली असती तर उलट झालं असतं: चढायला आळस आणि उतरायला सुरळीत.

भाची: तरीही हा तर्कच झाला ना?

मामा: मग बघूनच घे. मागचं चाक उचलून धर, पेडल फिरवत गिअर सर्वांत मोठ्या चकतीवर ने. आता पेडल थांबव आणि शिफ्टर एकेक क्लिक करत लहान चकतीपर्यंत सोड. केबल ढिली पडली? आवरण फ्रेमवरच्या खाचेतून अलगद बाहेर काढ आणि केबलवरून मागेपुढे सरकव.

भाची: पुढचं सरकतंय. मागचं, डिरेलरपाशी कमानीसारखं वळलेलं आहे ते... जेमतेम हलतंय. केबलवर तांबूस चिखल आलाय. टोकाची टोपीही फुटलीय.

मामा: तिथेच पाणी साठतं. ती कमान खाली झुकलेली, मागच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट तिच्यावर. पाण्याबरोबर मीठ आत गेलं की ते हवेतली ओल धरून ठेवतं. मग पाऊस थांबल्यावरही आत गंज चालूच राहतो.

भाची: म्हणजे केबल बदलायचीच. मी तेच म्हणत होते.

मामा: केबल आणि आवरण दोन्ही बदलायचं, पण कारण सापडलं म्हणून. आवरण काटकोनात कापायचं, टोकाला धातूची टोपी बसवायची. आणि लक्षात ठेव, गिअरचं आवरण ब्रेकला कधी लावायचं नाही. त्यातल्या तारा लांबीला समांतर असतात, ब्रेकच्या जोराने ते फाटू शकतं.

भाची: एक विचारू? तुम्ही कानाने ऐकून निदान करता, पण आता तो काळ गेला नाही का? शिमानो कंपनीने १९८४ मध्ये ड्युरा-एस या गिअरसंचात इंडेक्स शिफ्टिंग आणलं. त्याआधी लिव्हर कुठेही थांबायची, चालवणाऱ्याला कानाने ऐकून चेन बसवावी लागायची. आता एक क्लिक म्हणजे एक चकती. ते काम यंत्राने घेतलं.

मामा: क्लिकवरून एवढंच कळतं की लिव्हर हलली. चेन बसली की नाही ते अजून कानालाच कळतं. आणि क्लिक आले तसं चुकीला जागाही कमी झाली. तुझ्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर किती?

भाची: शिमानोच्या नऊ गिअरला ४.३४ मिलिमीटर.

मामा: आणि केबल एक मिलिमीटर सरकली की हा डिरेलर साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. आवरणात अर्धा मिलिमीटर अडकला की मागे ०.८५ चा फरक पडला. दोन चकत्यांमधल्या अंतराचा जवळजवळ पाचवा हिस्सा! म्हणून चेन धड या चकतीवर नाही आणि धड त्या चकतीवरही नाही. तुझी कर्रकर्र बरीचशी तीच आहे.

भाची: हे पटलं. पण दुसरी तक्रार केबलने जाणार नाही. जोर लावला की मधल्या एका गिअरला चेन दातांवरून उडते. बेलापूरचा पूल चढताना परवा पायच घसरला.

मामा: चेन काढून रॉकेलमध्ये धुऊ, मग तेल भरपूर सोडू. अजून दोन पावसाळे जाईल.

भाची: आता तुम्ही न मोजता बोलताय. पट्टी द्या. बारा जोड्या म्हणजे बारा इंच, ३०४.८ मिलिमीटर. पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजायचं, चेन ताणून धरून. हे बघा, ३०७ च्या किंचित पुढे. म्हणजे पाऊण टक्का ओलांडला. दहा गिअरपर्यंतच्या चेनला तीच मर्यादा मानतात, अकरा-बाराला तर अर्धा टक्का.

मामा: एवढ्याशा अडीच मिलिमीटरने काय होतंय?

भाची: ती वाढ एका जागी नाही, प्रत्येक पिनवर आहे. पट्ट्या लांबत नाहीत, पिन आणि तिच्याभोवतीचा भाग आतून झिजतो. मग चेन दाताच्या बुडाशी न बसता वर सरकून बसते आणि दात झिजवत सुटते. तुमच्या सायकलला चेन सैल पडली की दिसायची, चाक ओढायला लागायचं. इथे डिरेलरचा स्प्रिंग सगळी ढील गिळून टाकतो. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि चेन उडायला लागते तोवर कॅसेटही गेलेली असते. धुऊन ही झीज भरून येणार आहे का?

मामा: नाही, झिजलेलं लोखंड परत येत नाही. चेन बदल. पण कॅसेट?

भाची: तीही बदलते. नवी चेन जुन्या कॅसेटवर उडते असं सगळेच सांगतात.

मामा: सगळे सांगतात, पण तुझी उडते का? मोजमाप एक टक्क्याच्या आत आहे, म्हणजे कॅसेट वाचली असण्याची शक्यता आहे. आधी नवी चेन घाल, तू रोज वापरतेस त्या चकतीवर चेन ठेवून उभी राहून जोर लाव. उडाली तर कॅसेट बदल. नाही उडाली तर तेवढे पैसे वाचले.

भाची: मान्य. पण यापुढे मी महिन्याला एकदा मोजणार आणि मर्यादा गाठली की चेन लगेच बदलणार. स्वस्त भाग वेळेत बदलला की महाग भाग टिकतो. माझं म्हणणं तेच होतं.

मामा: मोजून बदलणार असशील तर माझी काही तक्रार नाही.

भाची: आणि तेल भरपूर सोडायचं नाही. तुम्ही इंजिन ऑइल ओतता ना, त्याने चेन दोन दिवस गप्प बसते. मग बाहेरच्या तेलावर धूळ बसते आणि त्याचा काळा लगदा होतो. तोच आत जाऊन पिन घासतो. तेल हवं रोलरच्या आत. प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं आणि बाहेरून फडक्याने अगदी कोरडं पुसायचं. पावसात चिकट, न धुपणारं ल्यूब. पाऊस संपला की ते धुऊन काढून कोरड्या हवेचं.

मामा: पुसायचं हे आम्ही कधी केलं नाही. चेनकव्हरच्या आत धूळ जायचीच कमी.

भाची: शिवाय हिला डिस्क ब्रेक आहेत. तेलाच्या स्प्रेचा एक फवारा डिस्कवर गेला तर ब्रेक लागायचे नाहीत. आता हे सगळं झाल्यावरही गिअर जुळला नाही तर? सगळे व्हिडिओ पहिल्यांदा स्क्रूच फिरवायला सांगतात.

मामा: स्क्रू सगळ्यात शेवटी. त्याआधी हँगर बघ. डिरेलर ज्या पत्र्याला टांगलेला असतो तो. सायकल उजव्या बाजूला कधी पडली होती?

भाची: स्टेशनबाहेरच्या स्टँडवर एकदा आख्खी रांग आडवी झाली होती.

मामा: मागे उकिडवी बसून बघ. डिरेलरच्या दोन पुली आणि वरची चकती एका सरळ उभ्या रेषेत दिसायला हव्यात. खालची पुली आत, चाकाकडे झुकलेली दिसतेय. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे धक्का बसला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. वाकलेल्या हँगरवर कितीही स्क्रू फिरव, एक गिअर जुळेल आणि दुसरा बिघडेल.

भाची: हे हाताने सरळ करायचं नाही ना?

मामा: अजिबात नाही. इथे दुकानात जायचं. त्यांच्याकडे हँगरचा गेज असतो. डिरेलरच्या भोकात बसवून रिमपर्यंतचं अंतर वर, खाली, पुढे, मागे असं चारही ठिकाणी मोजतात. फरक चार मिलिमीटरच्या आत आणायचा. आणि तुझ्या फ्रेमचा एक हँगर जादा घेऊन ठेव. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐनवेळी मिळत नाही.

भाची: आणि मग स्क्रू?

मामा: मग स्क्रू. एच आणि एल हे फक्त दोन टोकांच्या मर्यादा ठरवतात, मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही. पण एल चुकला, किंवा हँगर आत वाकलेला असला, तर खारघरचा डोंगर चढताना सर्वांत हलका गिअर टाकलास की डिरेलर स्पोकमध्ये जाऊन सगळंच तोडेल. मधल्या गिअरसाठी केबलच्या टोकाचा गोल नट. पाव फेरी फिरवायची, गिअर टाकून बघायचा, मग पुढची पाव फेरी. तिसरा बी स्क्रू: त्याने वरची पुली आणि मोठी चकती यांच्यात किती जागा राहील ते ठरतं. पुली चकतीला टेकत असेल तर घरघर येते.

भाची: एक खरं सांगते मामा. दुकानात हे कुणी मला विचारलंच नाही. सायकल बघितली आणि म्हणाले, चेन-कॅसेट गेलंय.

मामा: मेकॅनिकला दोष देऊ नको. तो अर्धा तास नुसता बघत बसला आणि म्हणाला, "काही बदलायचं नाही, आवरण साफ केलं, दोनशे रुपये द्या," तर तू काय म्हणशील?

भाची: म्हणेन, केलंत काय दोनशे रुपयांचं?

मामा: सगळे तेच म्हणतात. बघण्याचे पैसे आपण देत नाही, सामानाचे बिनतक्रार देतो. मग तो सामान बदलणार नाही तर काय करणार? त्याचंही पोट आहे.

भाची: हा विचार मी केला नव्हता. पण म्हणून प्रत्येकाने घरी पाना घेऊन बसावं हेही मला पटत नाही. मला सायकल चालवायची आहे, फिटर व्हायचं नाही.

मामा: फिटर होऊ नको. पण काय बिघडलंय ते सांगता आलं पाहिजे. दुरुस्ती दुसऱ्याने केली तरी चालते. सायकल रोज चालवणारी तू आहेस, तिचा आवाज तुझ्याइतका कुणी ऐकलेला नाही.

भाची: आणि मोजण्याची पट्टी मी माझ्याकडेच ठेवणार.

यात जिंकलं कोण, असा प्रश्न उरत नाही. मामांचं खरं ठरलं केबलवर आणि हँगरवर, भाचीचं चेनवर आणि तेलावर. दोघेही जिथे चुकत होते तिथे चूक एकच होती: न बघता ठरवणं. न मोजता सगळं बदलणं आणि न मोजता जुनं रेटत राहणं, दोन्हींत पैसा वाया जातो आणि ऐन चढावर पाय घसरतो.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा मळ साफ करावा, कारण मळाखाली काही दिसत नाही. मग वाकलंय काय ते बघावं, गंजलंय काय ते बघावं, झिजलंय काय ते पट्टीने मोजावं. हे चारही निस्तरल्यावर स्क्रूला हात लावावा. हा क्रम उलटा केला, तर वाकलेल्या हँगरला, गंजलेल्या केबलला आणि झिजलेल्या चेनला सांभाळून घेण्यासाठी स्क्रू फिरवले जातात. पुढे ते भाग नीट केले तरी गिअर जुळत नाहीत आणि दोष नव्या भागांवर येतो. आपल्या खाडीकाठच्या शहरात तर गिअरच्या केबलचं आवरण दर पावसाळ्यानंतर खाचेतून काढून बघायलाच हवं. त्याला कुठलंही हत्यार लागत नाही.

आणि सायकल दुकानात न्यायची असेल तर "चेन बदला" असं सांगू नये. "मोठ्या चकतीवरून लहान चकतीवर उतरताना उशीर होतो, जोर लावला की मधल्या गिअरला चेन उडते, गाडी एकदा उजवीकडे पडली होती," असं सांगावं. एवढं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक नेमक्या जागी हात घालतो. त्याने अर्धा तास तपासून काहीच बदलायची गरज नाही असं सांगितलं, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. आपण तपासणीची किंमत देऊ लागलो, तरच गल्लोगल्ली तपासणी करणारे हात टिकतील.